अस्पर्श रान आणि माणसाचा विटाळ

जंगल टिकले पाहिजे, याबद्दल आज कोणाचे दुमत नाही. ते कोणापासून राखायचे, कोणी राखायचे आणि त्या राखणीची किंमत कोणी मोजायची, हा खरा वादाचा मुद्दा आहे. आपल्याकडे निसर्गरक्षणाची चर्चा वाघांची संख्या, पर्यटकांची सोय आणि अधिकाऱ्यांचे अहवाल यांच्याभोवती फिरते. उलट बाजूला, दलित-आदिवासी-भटक्यांच्या चळवळीत हा विषय 'भरल्या पोटाचा' म्हणून टाळला जातो. दोन्ही भूमिका अपुऱ्या आहेत. नकाशावर अभयारण्याची रेघ ओढली जाते, तेव्हा तिच्या आत कोणाचे तरी सरपण असते, कोणाच्या शेळ्यांचे चरणे असते, कोणाची चूल आणि कोणाची स्मशानभूमी असते. हे 'कोणी' बहुधा ज्यांच्या नावावर सातबारा नाही तेच असतात. म्हणून या विचाराचा उगम, त्यामागचा कायदा आणि प्रत्यक्षातला अनुभव आपण नीट समजून घेतला पाहिजे.

कल्पनेचा उगम

१ मार्च १८७२ रोजी अमेरिकेत यलोस्टोन हे राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. जगातले हे पहिले राष्ट्रीय उद्यान मानले जाते. या मुलखाचे वर्णन मानवी हात न लागलेले रान असे केले गेले. वस्तुस्थिती वेगळी होती. शोशोनी, बॅनॉक, क्रो इत्यादी मूळ रहिवाशांच्या जमाती हजारो वर्षे तिथे शिकार करीत होत्या, कंदमुळे गोळा करीत होत्या, तिथल्या काळ्या काचेसारख्या दगडाची हत्यारे घडवीत होत्या. उद्यान झाल्यावर त्यांना बाहेर राखीव वस्त्यांत कोंडण्यात आले. १८८६ ते १९१८ या काळात उद्यानाचा कारभार अमेरिकन सैन्याकडे होता, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. ते रान मुळात निर्मनुष्य नव्हते. आधी ते निर्मनुष्य करण्यात आले आणि मग ते अनादिकाळापासून तसेच होते असे सांगण्यात आले.

या विचाराचा गाभा आपल्याला नवा नाही. एक जागा पवित्र ठरवायची, विशिष्ट माणसांच्या स्पर्शाने ती बाटते असे मानायचे, त्यांना वेशीबाहेर ठेवायचे आणि आतला भोग इतरांसाठी राखायचा, ही रीत आपण पिढ्यान्‌पिढ्या सोसली आहे. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेब आंबेडकरांनी आणि हजारो अस्पृश्यांनी प्राशन केले, तेव्हा ते तळे गोमूत्र-शेणाने 'शुद्ध' करण्यात आले. गुराढोरांच्या तोंडाने न बाटणारे पाणी माणसाच्या ओंजळीने बाटले. 'अस्पर्श निसर्ग' या शब्दप्रयोगातही तोच वास आहे. फाट्या वेचणाऱ्या बाईच्या पावलाने रान बाटते. पर्यटकांच्या जीपगाड्यांनी बाटत नाही.

अर्थात, उपमा ताणू नये. पिले असलेल्या वाघिणीला निवांत जागा लागते, घरटी करणाऱ्या पक्ष्यांना गडबड चालत नाही, ही निसर्गातली वस्तुस्थिती आहे. पण ती ठिकाणाठिकाणी, हंगामाहंगामाने, पुराव्याने ठरवायची बाब आहे. माणूस म्हटला की नासाडी आलीच, असे तपासणीआधीच गृहीत धरले जाते, तेव्हा विज्ञान संपते आणि सोवळे सुरू होते.

जंगलखाते आणि चराईचे रान

भारतात जंगलावर सरकारी मालकी आली ती वाघासाठी नव्हे. रेल्वेचे स्लीपर आणि जहाजांची लाकडे यांसाठी इंग्रज सरकारला सागवान व साल हवे होते. १८६५ चा आणि पाठोपाठ १८७८ चा वनकायदा यातून आला. १८७८ च्या कायद्याने राखीव, संरक्षित आणि ग्रामवने असे वर्ग पाडले. राखीव जंगलात गावकऱ्यांचा परंपरेचा वापर हा हक्क राहिला नाही; तो गुन्हा तरी झाला किंवा सरकारने दिलेली सवलत तरी. १९२७ च्या वनकायद्याने हीच चौकट पुढे चालवली.

महात्मा फुल्यांनी हे त्याच काळात ओळखले होते. १८८३ च्या सुमारास लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात त्यांनी नव्या जंगलखात्यावर कडक टीका केली. डोंगर, दऱ्या आणि गायराने खात्याच्या घशात गेली आणि गरिबाच्या शेळ्यामेंढ्यांना चरायला जागा उरली नाही, असा त्यांचा आरोप होता. निसर्गाच्या प्रश्नावर आपल्या परंपरेत विचार झालेला नाही, असे म्हणणाऱ्यांनी हे पान उघडून पाहावे.

स्वातंत्र्यानंतर १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ प्रकल्पांत आपले मेळघाट होते. या कायद्यातला एक भेद कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावा. अभयारण्यात जिल्हाधिकारी चौकशी करून लोकांचे काही हक्क चालू ठेवू शकतो. राष्ट्रीय उद्यानात मात्र सर्व हक्क सरकारकडे आल्यावरच अंतिम घोषणा होते आणि गुरे चारण्यास पूर्ण बंदी असते. म्हणजे 'अभयारण्याचे राष्ट्रीय उद्यान झाले' ही बातमी फलकावरच्या नावापुरती नसते. ती गावाच्या दावणीपर्यंत पोचते.

भरतपूरचा धडा

राजस्थानातील भरतपूरजवळ केवलादेव घना नावाची पाणथळ जागा आहे. क्षेत्रफळ जेमतेम २९ चौरस किलोमीटर. ती भरतपूरच्या राजांची शिकारीची जागा होती. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो आणि त्यांच्या पाहुण्यांनी तिथे एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले. तो आकडा अभिमानाने दगडावर कोरलेला आहे. भोवतालच्या गावांतल्या म्हशी त्याच पाणथळीत पिढ्यान्‌पिढ्या चरत होत्या.

ही जागा राष्ट्रीय उद्यान झाली आणि नोव्हेंबर १९८२ मध्ये चराईवर बंदी आली. पक्ष्यांना म्हशींचा उपद्रव होतो, असे पक्षितज्ज्ञांचे मत होते. गावकऱ्यांनी विरोध केला. पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात माणसे मेली. ज्यांनी एका दिवसात चार हजारांवर पक्षी मारले त्यांचा शिलालेख झाला. ज्यांनी म्हशी चारल्या त्यांना गोळ्या मिळाल्या.

पुढे काय झाले ते जास्त महत्त्वाचे आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९८० च्या दशकात या जागेचा दीर्घ अभ्यास केला. त्यात उलटेच दिसून आले. म्हशी पाण्यातले गवत खाऊन ते आटोक्यात ठेवत होत्या. म्हशी गेल्यावर पास्पॅलम जातीचे गवत माजले आणि त्याने उथळ पाणी व्यापले. उघडे पाणी कमी झाले, मासे कमी झाले, आणि त्यांवर जगणाऱ्या पक्ष्यांना जागा कमी पडू लागली. शेवटी गवत काढण्यासाठी गावकऱ्यांनाच आत बोलवावे लागले. ज्या संस्थेशी बंदीचा आग्रह धरणारे सलीम अली आयुष्यभर निगडित होते, तिच्याच अभ्यासातून हे पुढे आले, ही त्या संस्थेच्या प्रामाणिकपणाची खूण आहे. पण गोळीबार आधी झाला आणि अभ्यासाचा निष्कर्ष नंतर आला. हा क्रम उलटा असता तर माणसे वाचली असती आणि पाणथळही.

भरतपूर आपल्याला एवढेच सांगते की ज्याला आपण 'निसर्ग' म्हणतो तो पुष्कळ ठिकाणी माणसाच्या आणि गुरांच्या वावरातून घडलेला असतो. तो वावर काढून घेतला की रान मूळपदावर जात नाही. ते भलतेच काहीतरी होते.

जिथे माणूस राहिला

कर्नाटकातील बिळिगिरी रंगन टेकड्यांत सोलिग आदिवासी राहतात. १९७४ साली तिथे अभयारण्य झाले. त्यांची फिरती शेती बंद झाली आणि उन्हाळ्याआधी जमिनीलगत लावला जाणारा हलका वणवाही बंद झाला. या वणव्याने घाणेरीची कोवळी रोपे जळत असत, असे सोलिग सांगतात. बंदीनंतर घाणेरीने रान भरले. २०११ मध्ये तिथे व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला; त्याच वर्षी सोलिगांच्या ग्रामसभांचे सामूहिक वनहक्क मान्य झाले. व्याघ्र प्रकल्पाच्या आत असे हक्क मिळण्याची देशातली ही पहिली मोठी घटना. त्यानंतर तिथले वाघ नाहीसे झाले नाहीत.

दक्षिण आफ्रिकेतले उदाहरण आणखी स्पष्ट आहे. वर्णद्वेषी राजवटीने १९६९ साली माकुलेके लोकांना त्यांच्या जमिनीवरून हाकलले आणि ती जमीन क्रुगर राष्ट्रीय उद्यानात घातली. राजवट गेल्यावर त्यांनी दावा केला आणि १९९८ साली जमिनीची मालकी परत मिळवली. त्यांनी तिथे नांगर घातला नाही. जमीन वन्यप्राण्यांसाठीच ठेवली. पर्यटनाचे उत्पन्न मात्र आता त्यांच्याकडे येते. मालकी आणि रक्षण यांत मुळात वैर नाही, हे यावरून दिसते.

उलट बाजूचा पुरावाही पाहावा. २००४-०५ साली राजस्थानातील सरिस्का व्याघ्र प्रकल्पात एकही वाघ उरला नाही. चोरट्या शिकारीने ते संपवले. तिथे कायदा होता, खाते होते, पहारा होता. ज्या गावांना प्रकल्प परका वाटतो, त्या गावांतून खात्याला खबर मिळत नाही. हेही नोंदले पाहिजे की कातड्याचा व्यापार शहरांत आणि सीमेपलीकडे पोचतो; अटक मात्र पालावर होते. १८७१ च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवलेल्या आणि १९५२ साली कागदोपत्री मुक्त झालेल्या फासेपारध्यांचा तित्तर पकडण्याचा धंदा १९७२ च्या कायद्याने गुन्हा झाला. पर्यायी जमीन वा काम त्यांना त्या वेळी कोणी दिले नाही.

२००६ चा कायदा आणि त्यातली फट

डिसेंबर २००६ मध्ये संसदेने वनहक्क कायदा केला. ऐतिहासिक अन्याय झाला, हे त्याच्या प्रस्तावनेतच मान्य केले आहे. याच कायद्याच्या आधारे २००९ साली गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गोंड गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. ग्रामसभेला जंगल वापरण्याबरोबर ते राखण्याचाही अधिकार हा कायदा देतो.

अभयारण्यातून गाव उठवण्याविषयी या कायद्याच्या अटी कडक आहेत. आधी सर्व हक्क मान्य झाले पाहिजेत. माणसांच्या वावराने वन्यजीवांची कधीही न भरून येणारी हानी होते आणि एकत्र राहण्याचा दुसरा मार्ग नाही, हे दाखवले पाहिजे. ग्रामसभेची जाणीवपूर्वक, दबावाविना संमती लेखी हवी. नव्या जागी सोयी आधी तयार हव्यात. आणि रिकामी केलेली जमीन पुढे खाणीला किंवा दुसऱ्या कामाला देता येत नाही. प्रत्यक्षात कुटुंबामागे ठरलेली रक्कम (२००८ पासून १० लाख, २०२१ पासून १५ लाख रुपये) पुढे ठेवून संमती मिळवली जाते. शाळा, रस्ता, दवाखाना यांची वर्षानुवर्षे आबाळ झालेल्या गावाने दिलेली संमती किती मोकळी, हे प्रत्येक ठिकाणी विचारले पाहिजे.

या कायद्यात आपल्यासाठी एक मोठी फट आहे. अनुसूचित जमातीच्या माणसाने १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवला की पुरे. 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणजे दलित, भटके, धनगर आदींना मात्र त्या तारखेआधीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, जंगलात राहून त्यावर अवलंबून असल्याचे दाखवावे लागते. १९३० साली अस्पृश्याचे नाव जंगलाच्या कोणत्या कागदावर चढत होते? पण नियम वाचले तर मार्ग आहे. कागद हाच एकमेव पुरावा नाही. गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब, जुन्या विहिरी, बांध, स्मशान, देवस्थान हेही पुरावे आहेत. शिवाय ७५ वर्षांची अट राहण्याला आहे, त्याच तुकड्याच्या ताब्याला नाही. हे माहीत नसल्याने असंख्य दावे फेटाळले जातात. फेब्रुवारी २०१९ मध्ये दावे फेटाळलेल्यांना हटवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला आणि त्याच महिन्यात तो स्थगित केला, तेव्हा फेटाळलेल्या कागदाचे मोल काय असते ते देशाला कळले.

पुढचे काम

डिसेंबर २०२२ मध्ये जगातील राष्ट्रांनी २०३० पर्यंत पृथ्वीची ३० टक्के जमीन आणि ३० टक्के समुद्र संरक्षित करण्याचे उद्दिष्ट मान्य केले. मूळ रहिवाशांचे आणि स्थानिक समूहांचे हक्क मानण्याची भाषा त्या करारात आहे. पण शब्द आपोआप जमिनीवर उतरत नाहीत. आणखी रेघा ओढल्या जाणार आहेत, हे मात्र निश्चित.

या रेघांना सरसकट विरोध ही आपली भूमिका असू शकत नाही. देशातील वाघांचा सरकारी अंदाज २००६ मध्ये १,४११ होता, २०२२ मध्ये तो ३,६८२ झाला. हे राखणीचे यश नाकारण्याचे कारण नाही. जंगल संपले तर पहिली झळ ज्याच्याकडे विहीर नाही, रान नाही, गॅसची टाकी भरायला पैसा नाही त्यालाच बसते. जंगल टिकवणे ही भूमिहीनाची गरज आहे. म्हणूनच त्याच्या राखणीत भूमिहीनाची सत्ता असली पाहिजे.

यासाठी तीन गोष्टी लगेच करता येतील. जंगलालगतच्या गावांत शिक्षक-विद्यार्थ्यांनी वडीलधाऱ्यांचे जबाब आजच लिहून घ्यावेत. ते पुरावे माणसांबरोबर नाहीसे होत आहेत. सामूहिक दावा करताना ग्रामसभेत दलित वस्ती, पाल आणि बायका यांची नावे आहेत की नाहीत, हे पाहावे. आदिवासी आणि दलित यांना एकमेकांसमोर उभे करणारा दावा शेवटी खात्याच्याच हाती जातो. आणि बंदीचा कोणताही हुकूम आला की भरतपूरचा प्रश्न विचारावा: अभ्यास कुठे आहे? तो बंदूक येण्याआधी गावासमोर ठेवा.