वैद्य तीन, कागद एक

रक्तदाब वाढला आहे हें बहुधा रोग्यास कळतच नाहीं. ताप उतरला कीं अंग हलकें होतें, दांत काढला कीं ठणका थांबतो. येथें मात्र गोळी घेतली तरी बरें वाटत नाहीं व सोडली तरी वाईट वाटत नाहीं. मग उपचारानें रोगी संतुष्ट होतो तो कशानें?

हा प्रश्न मला स्वानुभवामुळें पडला. माझा रक्तदाब नामपुरास एका डॉक्टरांनीं पाहिला, मुलाच्या आग्रहास्तव नाशिकास दुसऱ्यांनीं. गुडघ्याचें औषध मालेगांवच्या तिसऱ्यांचें. तिघेही सज्जन, परंतु एकाचा कागद दुसऱ्यांनीं मागितला नाहीं, व दाखवावा असें मलाही सुचलें नाहीं. परिणामीं अम्लोडिपिन हें एकच औषध दोन निराळ्या नांवांच्या पाकिटांतून मी दोन महिने दुप्पट घेत होतों, आणि गुडघ्याची वेदनाशामक गोळी तर रक्तदाब वाढविणाऱ्यांपैकीं! घोटे सुजले. एके सकाळीं मोसम नदीच्या पुलावर भोंवळ येऊन खालीं बसलों. चूक उघडकीस आणली ती आमच्या सौभाग्यवतींनीं, पाकिटांवरील बारीक अक्षरें भिंगानें वाचून. जन्मभर मुलांना 'नीट वाचा' म्हणून बजावणाऱ्या मास्तराची ही शोभा!

अशा घोटाळ्यांवरील उपाय महाराष्ट्रांत करून पाहिला गेला आहे. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमास २०१७ सालीं आरंभ झाला. पहिल्या टप्प्यांत आपल्याकडील सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा व वर्धा हे जिल्हे होते. कल्पना अगदीं साधी. औषधांचा क्रम ठरीव. महिन्याभराच्या गोळ्या घराजवळच्या केंद्रांतच. प्रत्येकाचें एक पत्रक. परिचारिका दाब मोजणार, डॉक्टर औषध ठरविणार, आणि जो आला नाहीं त्यास कोणीतरी आठवण देणार. २०२२ सालीं संयुक्त राष्ट्रांनीं पुरस्कार देऊन या कार्याचा गौरव केला. मला महत्त्वाचें वाटतें तें आठवणीचें कलम. गैरहजर मुलाच्या घरीं निरोप धाडणारा शिक्षक मुलांस आवडत नसे खरा. आईबापांस मात्र तोच हवा असे.

तथापि नुसत्या संतोषास भुलूं नये. गोड बोलणें व वेळेवर गोळ्या एवढ्यानें रोगी तृप्त होतो, आणि दाब मात्र १६०/१०० वरच राहतो, असें घडूं शकतें. म्हणून संतोष विचारतांना १४०/९० च्या खालीं आलांत का, हेंही विचारावें.

हल्लीं माझ्या पिशवींत एकच वही असते. तिन्ही डॉक्टर तींतच लिहितात. गेल्या महिन्याचा आंकडा १३४/८२. परिचारिकेनें विचारलें, "गुरुजी, लोणचें सुटलें का?" मीं उत्तर टाळलें. तिनें तेंही वहींत टिपून घेतलें.