साठ की आठ? कानाच्या मशीनमागचं गणित

गुरांच्या बाजारात जुन्या रिवाजाप्रमाणे भाव तोंडाने सांगत नाहीत. घेणारा आणि दलाल रुमालाखाली हात धरतात, बोटं दाबतात आणि सौदा ठरतो. १७९५ च्या मराठे-निजाम लढाईमुळे ठाऊक असलेल्या खर्ड्याच्या गुरांच्या बाजाराची नोंद इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्येही आहे. रुमालाखालच्या सौद्यात कान अधू असला तरी अडत नाही. अडतं ते नंतर, किराणा दुकानात आणि एसटीच्या खिडकीशी. दुकानदार म्हणतो ‘साठ रुपये’, म्हाताऱ्या माणसाला ऐकू येतं ‘आठ रुपये’. ‘तीस’चं ‘ती’ होतं. मग घरी कुणीतरी म्हणतं, अण्णांना आता ऐकू येत नाही.

खरं तर अण्णांना ऐकू येत असतं. वयाबरोबर कान सहसा सगळा एकदम जात नाही. आधी वरची पट्टी जाते. ‘आ’, ‘ओ’ हे स्वर खालच्या पट्टीतले आणि जोरकस. ‘स’चा बराचसा आवाज चार हजार हर्ट्‌झच्या वर असतो आणि तो मुळातच बारीक. त्यामुळे ‘साठ’मधला ‘आ’ पोचतो, ‘स’ वाटेत गळतो. बोलणं ऐकू येतं, पण काय बोलले ते कळत नाही.

म्हणूनच कानाचं मशीन म्हणजे आवाज मोठा करणारा डबा, ही समजूत माणसाचं नुकसान करते. प्रश्न आवाज वाढवण्याचा नाही. कोणत्या पट्टीत किती वाढवायचा, हा आहे. कोणत्या पट्टीत किती ऐकू येतं हे दाखवणारा ऑडिओग्राम म्हणजे कानाचा नकाशा. त्या नकाशावरून मशीनचा ‘डोस’ ठरवण्याची सूत्रं गेली ऐंशी वर्षं तयार होत आली आहेत. दोन माणसांकडे एकाच कंपनीचं, एकाच किमतीचं मशीन असूनही एकाचं कानात आणि दुसऱ्याचं कपाटात का राहतं, याचं उत्तर पुष्कळदा या सूत्रात सापडतं.

पहिलं सूत्र अगदी साधं होतं. १९४४ मध्ये सॅम्युअल लायबर्गर या अमेरिकी संशोधकाने पाहिलं, की ऐकणं साठ डेसिबलने कमी झालेल्या माणसाला साठ डेसिबलची वाढ नको असते. तो तीसच्या आसपास समाधानी असतो. ऐकणं जितकं कमी झालं, त्याच्या निम्मी वाढ. निम्मीच का, हे प्रत्येक मराठी घराला अनुभवाने माहीत आहे. ‘आजी, जेवलीस का?’ असं हळू विचारलं तर उत्तर येत नाही. दुसऱ्यांदा मोठ्याने विचारलं की आजी म्हणते, ‘अरे, ओरडतोस कशाला? मी काय बहिरी आहे?’ अधू झालेल्या आतल्या कानाला बारीक आवाज ऐकू येत नाही, पण मोठा आवाज इतरांइतकाच मोठा लागतो. ऐकू येणं आणि असह्य होणं यांतलं अंतर कमी झालेलं असतं. आजी चिडकी झालेली नसते. तिचा कान तसा झालेला असतो.

पुढची काही वर्षं मात्र उलट दिशेने गेली. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या हार्वर्डच्या अहवालाने असं मांडलं, की जवळजवळ सगळ्यांना एकाच ढंगाची वाढ चालते. दुसरीकडे श्रवणतज्ज्ञ रेमंड कारहार्ट यांनी एकेक मशीन लावून पाहावं आणि ज्यात शब्द जास्त कळतील ते निवडावं, अशी रीत घातली. ऑडिओग्रामवरून हिशेब मांडण्याची कल्पना त्यामुळे मागे पडली. ती जोमाने परत आली १९७० च्या दशकात, ऑस्ट्रेलियातून.

सिडनीच्या नॅशनल अकॉस्टिक लॅबोरेटरीजची सुरुवात दुसऱ्या महायुद्धानंतर झाली. युद्धातून परतलेले सैनिक आणि आईला गरोदरपणी रुबेला झाल्याने बहिरी जन्मलेली मुलं, अशा दोघांसाठी. तिथल्या डेनिस बर्न यांनी १९७६ मध्ये पहिलं सूत्र मांडलं आणि १९८६ मध्ये हार्वे डिलन यांच्यासह ते सुधारलं. संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘नॅल’ म्हणतात.

एक कान घेऊन हिशेब करून पाहू. समजा, ऐकणं ५०० हर्ट्‌झला ३०, १००० ला ४०, २००० ला ५५ आणि ४००० ला ७० डेसिबलने कमी झालं आहे. निम्म्याचा साधा नियम ५०० ला १५, १००० ला २० आणि ४००० ला ३५ डेसिबल वाढ देईल. १९८६ चं नॅल सूत्र याच कानाला अनुक्रमे सुमारे ८, २० आणि २६ देतं. कान तोच, मशीन तेच, औषध वेगळं. बोलण्यातली खालची पट्टी मुळात जोरकस असते. ती सारखीच वाढवली तर आवाज घुमतो आणि बारीक व्यंजनं त्याखाली दबतात, म्हणून नॅल तिथे हात आखडता घेतं. बोलण्याच्या सर्व पट्ट्या कानाला सारख्या जोराने लागाव्यात, अशी ही मांडणी.

पुढे मशीन डिजिटल झालं. बारीक आवाज जास्त वाढवायचा, मोठा आवाज कमी, हे त्याला जमू लागलं आणि सूत्रंही तशी बदलली. २०११ मध्ये सविस्तर प्रसिद्ध झालेल्या ‘नॅल एनएल-टू’मध्ये माणूस नवखा की सरावलेला, बाई की पुरुष, मूल की मोठा, हेही धरलेलं आहे.

कॅनडात मात्र वेगळा विचार चालू होता. ओंटारिओतल्या लंडन शहरी रिचर्ड सीवाल्ड आणि त्यांचे सहकारी १९८० च्या दशकापासून बहिऱ्या मुलांसाठी ‘डीएसएल’ सूत्र घडवत होते. त्यांचं म्हणणं मनाला पटणारं आहे. मोठ्या माणसाला भाषा येत असते; गळालेला ‘स’ तो संदर्भावरून भरून काढतो. दीड वर्षाच्या मुलाला ‘साठ’ हा शब्दच ठाऊक नाही, तर ते काय भरून काढणार? त्याच्यापर्यंत बोलण्यातला प्रत्येक आवाज पोचलाच पाहिजे. म्हणून डीएसएल सहसा नॅलपेक्षा जास्त वाढ देतं. शिवाय मुलाच्या कानाची नळी लहान. त्याच मशीनचा तोच आवाज तिच्यात अधिक जोराचा होतो. हा फरकही मोजून हिशेबात घ्यावा लागतो.

मग यांतलं चांगलं कोणतं? सिडनी आणि ओंटारिओच्या लोकांनी हा वाद एकत्र बसून तपासला, ही फार मोलाची गोष्ट. ऑस्ट्रेलिया आणि कॅनडातल्या ४८ शाळकरी मुलांना आळीपाळीने दोन्ही सूत्रं लावून दिली. कोणतं चालू आहे हे मुलांना सांगितलं नव्हतं. २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन्हींत मुलांना बोलणं चांगलं कळत होतं. हळू बोलणारा किंवा पाठीमागून बोलणारा ऐकायला डीएसएल बरं वाटलं, गोंगाटात नॅल. आणि ज्या देशातल्या मुलांना जे आधीपासून सवयीचं, तिकडे त्यांचा कल. ऑस्ट्रेलियात ४०० हून अधिक मुलांचा लहानपणापासून पाठपुरावा करणाऱ्या दुसऱ्या अभ्यासात भाषेच्या वाढीत दोन सूत्रांमुळे लक्षणीय फरक दिसला नाही. फरक पडला तो मशीन किती लवकर लागलं यामुळे. मूल सहा महिन्यांचं असताना लागलं की दोन वर्षांचं झाल्यावर, हा प्रश्न सूत्राच्या निवडीपेक्षा मोठा ठरला.

प्रौढांच्या बाबतीत खरी मेख आणखी वेगळ्या जागी आहे. मशीन संगणकाला जोडलं की कंपनीचं सॉफ्टवेअर एका क्लिकवर ‘फर्स्ट फिट’ करून देतं. ते पुष्कळदा कंपनीच्या स्वतःच्या सूत्राने होतं आणि पहिल्या दिवशी आवाज टोचू नये म्हणून वरची पट्टी कमी ठेवलेली असते. म्हणजे ज्या ‘स’साठी मशीन घेतलं, तोच कमी. पडद्यावर नॅल निवडलं तरी कानात तेवढा आवाज पोचेलच असं नाही, कारण पडद्यावरचा आकडा सरासरी कानाचा असतो. खात्रीचा मार्ग एकच: सिलिकॉनची अगदी बारीक नळी कानाच्या पडद्याजवळ ठेवून मशीनचा आवाज तिथे प्रत्यक्ष मोजायचा. अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात २२ जणांनी ‘फर्स्ट फिट’ आणि मोजून जुळवलेलं, असे दोन्ही प्रकार वापरून पाहिले. १५ जणांनी मोजून जुळवलेलं मशीन निवडलं. दहा मिनिटांचं हे मोजमाप आपल्याकडेही प्रत्येक रुग्णाने हक्काने मागावं.

या सूत्रांमध्ये मराठी कुठे आहे? १९९४ मध्ये डेनिस बर्न आणि सहकाऱ्यांनी बारा भाषांच्या बोलण्याचा सरासरी आवाज मोजला. आपल्या शेजारची सिंहली त्यात होती, मराठी नव्हती. भाषाभाषांमधला फरक थोडाच निघाला, त्यामुळे सूत्रं मराठी कानालाही लागू पडतात. पण ‘चार’मधला ‘च’ आणि ‘चारा’मधला ‘च’ लिहायला एक, ऐकायला वेगळे, हे सिडनीच्या सूत्राला माहीत नाही. ते तपासणाऱ्याला मराठी माणसानेच सांगायला हवं.

महाराष्ट्रात या विद्येचं मोठं केंद्र मुंबईत, वांद्र्याला आहे: १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था. सरकारी योजनांतून, शिबिरांतून गावोगाव मशीन पोचतं. पण शिबिर संध्याकाळी उठतं आणि मशीन जुळवण्याचं काम तर तिथून सुरू होतं. सेल बदलणं, कानातला साचा साफ करणं, दोन-तीन आठवड्यांनी परत तपासणं, हे करणार कोण? खर्ड्याच्याच तालुक्याने याला मिळतंजुळतं उत्तर फार पूर्वी शोधलेलं आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला सुरू केलेल्या प्रकल्पात गावातल्या, पुष्कळदा निरक्षर बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने श्रवणयंत्रांबाबत जी मार्गदर्शिका काढली, तिचाही रोख हाच: तज्ज्ञ कमी असतील तिथे स्थानिक माणसांना शिकवून हे काम त्यांच्याकडे सोपवावं.

अशी एखादी ताई महिनाभराने घरी आली, तर तिला मोठी यंत्रं लागणार नाहीत. भिंतीकडे तोंड करून बसलेल्या अण्णांच्या मागे उभं राहून तिने नेहमीच्या आवाजात शब्द उच्चारायचे, साठ, आठ, तीस, चारा, आणि चुकलेले वहीत लिहून घ्यायचे. ती वही घेऊन पुढच्या खेपेला अण्णा ऑडिओलॉजिस्टकडे गेले, की चार हजार हर्ट्‌झला आणखी दोन डेसिबल द्यायचे की नाही, हे त्या पानावरून ठरवता येतं.