आकडा सांगण्याआधी

“वेबसाईट करायला किती घेता?” फोनवर हा प्रश्न आला की सुरुवातीला आम्ही घाबरून पटकन आकडा सांगून टाकायचो. तो नेहमी कमीच असायचा. समोरचा लगेच “चालेल” म्हणाला की कळायचं, पुन्हा फसलो.

आम्ही दोघी बहिणी मिरजेत घरूनच हे काम करतो. एक डिझाईन बघते, दुसरी कोडिंग. पहिलं काम मामूंच्या ओळखीतून आलं: एका केटरिंगवाल्यांची पाच पानांची वेबसाईट, चार हजारांत. “आपलेच आहेत, जास्त काय मागायचं,” अम्मी म्हणाली. फोटो यायलाच महिना गेला. मग रंग बदला, मेनू बदला, आणि शेवटी जावयाला आवडली नाही म्हणून सगळंच बदला. तीन महिन्यांनी वहीतले तास मोजले तर 110 भरले. म्हणजे तासाला जेमतेम 36 रुपये, आणि त्यातलेही शेवटचे हजार आले नाहीत. पुढे मामूंच्या घरच्या लग्नात ते भेटले, तेव्हा दोन्ही बाजूंनी नजर चुकवली. पैसे बुडाल्यापेक्षा ते जास्त लागलं.

भाव कसा सांगायचा हे आम्हाला कळलं ते सतारमेकर गल्लीत. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यानंतर तिथल्या एका कारागीर चाचांना वेबसाईट हवी होती. आम्ही दुकानात बसलो असताना त्यांना पुण्याहून फोन आला, तंबोऱ्याची किंमत काय? चाचांनी किंमत सांगितलीच नाही. मर्दानी हवा की जनानी? गाणार कोण, स्वर कुठला? नक्षी साधी की भरगच्च? घरी राहणार की प्रवासात न्यायचा? दहा मिनिटं असं चाललं. मग त्यांनी आकडा सांगितला, सोबत किती महिने लागतील आणि आगाऊ किती पाठवायचे तेही. समोरच्याने घासाघीस केली नाही. आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो.

आता आम्हीही आधी विचारतो. वेबसाईट कशासाठी हवी आहे, नुसती माहिती द्यायला की ऑर्डर घ्यायला? मजकूर आणि फोटो कोण देणार, कधी देणार? मराठीत, उर्दूत की दोन्हींत? उर्दू उजवीकडून डावीकडे जाते, त्यामुळे पानाची मांडणी उलटी लावावी लागते आणि तास वाढतात. तासाचा दर आम्ही असा काढला: महिन्याचे 25 दिवस, दिवसाचे चार तास, म्हणजे 100. फोन, भेटी आणि वसुली यांत चाळीस जातात, उरतात 60. घरखर्च, इंटरनेट आणि नव्या लॅपटॉपसाठी बाजूला टाकायचे धरून एकीला 24,000 हवे असतील तर तासाचे 400 झाले. 35 तासांचं काम 14,000 चं. हा काही बाजारभाव नव्हे, आमचा हिशेब आहे; ज्याने त्याने आपला मांडावा.

ठरलेलं सगळं एका कागदावर लिहितो: किती पानं, किती वेळा फेरबदल (आम्ही दोनदा देतो, पुढे तासाप्रमाणे), निम्मे पैसे आधी. ओळखीच्यांपुढे कागद ठेवायला फार संकोच वाटायचा. अब्बांनी आठवण करून दिली की उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, असं सूरह बकरामध्ये स्पष्टच आहे. मग लाजायचं कशाला?

चूक आमच्याकडूनही झाली. एका दवाखान्याचा डोमेन आम्ही सोयीसाठी स्वतःच्या नावावर घेतला. अम्मीच्या आजारपणात वर्षाचं नूतनीकरण राहून गेलं आणि दोन दिवस वेबसाईट बंद पडली. डॉक्टरसाहेब रागावले, ते बरोबरच होतं. आता डोमेन ग्राहकाच्याच नावावर घेतो, आणि देखभालीचे पैसे वर्षाला वेगळे.

ग्राहक कुठून येतात, असं बऱ्याच मुली विचारतात. परदेशी कामं देणाऱ्या साईटवर आम्हीही नाव घातलं होतं. सहा महिन्यांत एकच काम मिळालं. बाकी सगळी आली ती केलेल्या वेबसाईटच्या तळाशी असलेलं आमचं नाव वाचून. वेळही पाहावी लागते. उमराह टूरवाल्यांकडे रमजानच्या तीन-चार महिने आधी जावं, शाळांकडे मार्चआधी. मिरज दवाखान्यांचं गाव, तिथे मात्र वर्षभर काम असतं.

परवा खाला आली. तिच्या मुलाच्या क्लासची वेबसाईट, “घरचीच आहे, दोन हजारांत करा.” आम्ही चहा दिला आणि कागद पुढे ठेवला. तिने चष्मा लावून तो नीट वाचला, गॅलरी आणि ऑनलाईन फॉर्मवर पेन्सिलीने काट मारली आणि विचारलं, “आता किती?”

“सहा हजार.”

“तीन आज देते,” म्हणाली, आणि पर्स उघडली.