मांजरीची सात घरं

आयर्लंडमधलं नास हे आमचं गाव. डब्लिनपासून पस्तीसेक किलोमीटरवर, किल्डेअर कौंटीत. घोड्यांच्या शर्यतींसाठी हा भाग प्रसिद्ध आहे, पण आमच्या घराच्या मागच्या कुंपणावर मात्र राज्य मांजरांचं. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये तिथे एक भुरकट मांजर यायला लागली. मी सवयीने दूध ठेवलं. मुलीने नावही ठेवून टाकलं, भुरी.

इथे कुत्र्याला लायसन्स लागतं, चिप लागते, मोकाट फिरताना दिसला तर कौन्सिलचा डॉग वॉर्डन येतो. मांजराला यातलं काहीच नाही. त्यामुळे भटक्या मांजरांचं सगळं काम स्वयंसेवकांच्या गळ्यात. शेजारणीने फोन केला आणि दुसऱ्या दिवशी साठीच्या एक बाई गाडीत पिंजरा घेऊन हजर! नोकरीतून निवृत्त, पेट्रोल स्वतःचं, डॉक्टरचं बिल भागवायला जुन्या कपड्यांची विक्री आणि रॅफल. मी मनातल्या मनात त्यांना मांजरकाकू म्हणायला लागले.

काकूंनी आधी माझं दूध बंद केलं. बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही म्हणे. (आमच्या आजीच्या मांजरांना कुणी सांगितलं नसावं.) पद्धत अशी: एक दिवस खाणं बंद, मग पिंजऱ्यात आत टोकाला तेलातले सार्डिन मासे. मांजराचा पाय पाटीवर पडला की दार खाली. लगेच वरून चादर टाकायची, अंधारात ते शांत होतं. नसबंदी करायची, बेशुद्धीतच डाव्या कानाचं टोक कापायचं, म्हणजे लांबून ओळखता येतं, आणि पुन्हा जिथून आणलं तिथेच सोडायचं.

हे शेवटचं मला पटेना. पकडलंय तर घर शोधा ना! काकू म्हणाल्या, माणसांत न वाढलेल्या मोठ्या मांजराला घरात कोंडणं ही शिक्षाच आहे. आणि जागा रिकामी झाली की महिन्याभरात दुसरं मांजर येतं.

भुरी तासाभरात अडकली. काकूंनी चादर जरा वर केली, तिच्या पोटाकडे पाहिलं आणि गप्प झाल्या. अंगावर दूध होतं. म्हणजे पिल्लं कुठेतरी उपाशी. एकदा पिंजरा पाहिलेलं मांजर पुन्हा सहज फसत नाही, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. तरी त्यांनी दार उघडलं. भुरी कॅनॉलच्या बाजूला जी पळाली ती दिसेनाशी झाली.

रात्री साताऱ्याला आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, ''अगं, मांजर पिल्लांना सात घरं फिरवते. तुझं घर त्यात असेल तर येईल. शोधायला जाऊ नकोस, बिथरेल.'' काकूंना हे सांगितलं तर त्या हसल्या. त्यांचाही सल्ला तोच होता: खाणं रोज एकाच वेळी ठेव आणि खिडकीतून बघ.

मे महिन्यात इथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. बाराव्या दिवशी संध्याकाळी भुरी कुंपणाखालून आली, तोंडात पिल्लू. ते शेडखाली ठेवून परत गेली, दुसरं आणलं. तिसऱ्यांदा गेली ती बराच वेळ आली नाही, आणि आली ती रिकामीच. तिसरं होतं की नव्हतं, कोण जाणे. मुलगी टॉर्च घेऊन हट्टाने कॅनॉलपर्यंत शोधून आली.

पिल्लं पाचेक आठवड्यांची होती. साधारण आठ आठवड्यांच्या आत माणसाचा हात लागला तर ती माणसाळतात, नंतर अवघड. आईचं दूध सुटल्यावर काकूंनी ती घरी नेली. दोघांनाही घर मिळालं. भुरीने मात्र पिंजऱ्याला तीन आठवडे दाद दिली नाही. शेवटी मासे सोडून तळलेल्या चिकनला फसली.

ऑपरेशननंतर दोन दिवसांनी तिला आमच्याच मागच्या अंगणात सोडलं. दार उघडल्यावर माझ्याकडे न बघता ती भिंतीवर चढली.

आता शेडखाली जुन्या प्लास्टिकच्या डब्यात गवताचा पेंढा भरून तिची सोय केली आहे. ब्लँकेट ओलं होतं, पेंढा होत नाही. आई फोनवर आधी नातीची आणि मग भुरीची चौकशी करते. पलीकडच्या गल्लीत अजून दोन बोके आहेत. शनिवारी पिंजरा माझ्याकडे येणार आहे.