पहिला नंबर की पुरेशी हजेरी?
शोध-जाहिरातीचा हिशेब : लेखांक ५

मागच्या लेखात आपण बोली म्हणजे काय ते पाहिले: एका क्लिकसाठी जास्तीत जास्त किती पैसे द्यायची आपली तयारी आहे, तो आकडा. आज त्यापुढचा प्रश्न: बोली लावली, पैसे भरले, तर जाहिरात नेमकी कुठे दिसते आणि किती वेळा दिसते?

उदाहरण आपल्याच गोंदिया जिल्ह्यातले घेऊ. नवेगाव-नागझिराला 2013 मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. समजा, चोरखमारा गेटजवळ एकाचा चार खोल्यांचा होमस्टे आहे आणि त्याने गूगलवर जाहिरात सुरू केली. त्याचा पहिला हट्ट ठरलेला: ‘नागझिरा होमस्टे’ असे कोणीही शोधले की माझेच नाव सगळ्यात वर दिसले पाहिजे.

बाजार समितीच्या लिलावात ज्याचा भाव जास्त, त्याचा माल. गूगलचा लिलाव तसा नाही. प्रत्येक शोधागणिक नवा लिलाव होतो आणि त्यात बोलीबरोबर जाहिरातीचा दर्जाही मोजला जातो. लोक तिच्यावर क्लिक करतील का, शोधलेल्या शब्दांशी ती जुळते का, क्लिक केल्यावर उघडणारे पान कामाचे आहे का, हे पाहून क्रम ठरतो. त्यामुळे कमी बोलीचा पण नेटका जाहिरातदार मोठ्या रिसॉर्टच्या वर जाऊ शकतो. उलट दर्जा फारच कमी असेल, तर जाहिरात दिसतच नाही.

पूर्वी गूगल ‘सरासरी क्रमांक’ नावाचा आकडा देत असे. तो फसवा होता. पानाच्या वरच्या भागात एकही जाहिरात नसेल, तर तळाशी असलेली पहिली जाहिरातही ‘क्रमांक 1’ म्हणून मोजली जाई. सप्टेंबर 2019 मध्ये गूगलने तो आकडा बंद केला. आता दोन टक्केवाऱ्या मिळतात: जाहिरात जितक्या वेळा दिसली, त्यांपैकी किती वेळा वरच्या भागात आणि किती वेळा अगदी पहिल्या जागी.

पण या दोन्ही टक्केवाऱ्या फक्त दिसलेल्या वेळांच्या आहेत. जिथे जाहिरात दिसलीच नाही, तिथले काय? ते इम्प्रेशन शेअर सांगतो. समजा, महिनाभरात आपल्या होमस्टेची जाहिरात 1000 वेळा दिसू शकली असती आणि प्रत्यक्षात 300 वेळा दिसली. म्हणजे इम्प्रेशन शेअर 30 टक्के. उरलेले 70 टक्के कुठे गेले, तेही गूगल दोन खात्यांत मांडते. बजेट संपल्यामुळे 50 टक्के हुकले आणि क्रम कमी पडल्यामुळे 20 टक्के.

या दोन आजारांची औषधे वेगळी आहेत. क्रम कमी पडत असेल, तर जाहिरातीचा मजकूर आणि वेबसाइट सुधारावी. गेटपासूनचे अंतर, खोलीचे भाडे, जेवणाची सोय पानावर स्पष्ट लिहावी. गरजच पडली, तर बोली वाढवावी. बजेट कमी पडत असताना मात्र बोली वाढवणे म्हणजे आगीत तेल. प्रत्येक क्लिक महाग होतो, तेवढ्याच पैशांत क्लिक कमी मिळतात आणि बजेट आणखी लवकर आटोपते. अशा वेळी बोली थोडी उतरवावी आणि निरुपयोगी शोध वगळावेत. ‘नागझिरा वनरक्षक भरती’ शोधणाऱ्याला खोली नको असते. असे शब्द निगेटिव्ह कीवर्डच्या यादीत टाकले, की ते पैसे वाचतात.

आता एक सावधगिरी. इम्प्रेशन शेअरचा छेद आपल्याच सेटिंगवर ठरतो. होमस्टेवाल्याने जाहिरात फक्त गोंदिया शहरापुरती ठेवली, तर शेअर चटकन 90 टक्क्यांवर जाईल. पण मुक्कामाला येणारा पाहुणा नागपूरला, रायपूरला बसून शोधत असेल, तर त्या 90 टक्क्यांचा उपयोग काय? याउलट राईस मिलचे सुटे भाग विकणाऱ्याचे गिऱ्हाईक गोंदिया, भंडारा, बालाघाट पट्ट्यातच असते. त्याने पुण्या-मुंबईत जाहिरात दाखवणे वायफळ. म्हणून आधी गिऱ्हाईक कुठे आहे ते ठरवावे आणि मग टक्केवारी वाचावी.

हंगामाचेही भान हवे. पावसाळ्यात जंगल सफारी बंद असते. तेव्हा तोच पैसा राखून ठेवून ऑक्टोबरपासून वापरला, तर हजेरी खऱ्या गरजेच्या वेळी लागते.

पहिल्या जागेचा हट्ट बहुतेक छोट्या व्यावसायिकांना परवडत नाही, आणि त्याची गरजही नसते. चार खोल्या भरायला शंभर टक्के शोधांत दिसावे लागत नाही. योग्य माणसाच्या शोधात दिसले की पुरते. या आठवड्यात आपल्या खात्यात इम्प्रेशन शेअरचे तिन्ही रकाने उघडून पाहा: मिळालेला, बजेटमुळे हुकलेला आणि क्रमामुळे हुकलेला. बोलीला हात लावायचा तो त्यानंतरच. पुढच्या लेखात निगेटिव्ह कीवर्डची यादी कशी करायची ते पाहू.