बाळ बघतं ते फोनमागच्या चेहऱ्याकडे

चार्ल्स डार्विनचं माणसांच्या आणि प्राण्यांच्या भावमुद्रांवरचं पुस्तक १८७२ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालं. विज्ञानाच्या पुस्तकात फोटो छापण्याच्या अगदी सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी हा एक. त्यात भोकाड पसरलेलं एक बाळ आहे: डोळे गच्च मिटलेले, कपाळाला आठ्या, तोंड उघडून चौकोनी झालेलं. ऑस्कर रेजलँडर या छायाचित्रकाराच्या या बाळानं लोकांना इतकं वेड लावलं की त्याच्या प्रती हजारोंनी खपल्या. पुढे अभ्यासकांच्या लक्षात आलं की पुस्तकात छापलेला हा फोटो मुळात एका चित्राचा आहे. रेजलँडरनं बाळाचा फोटो काढला, त्यावरून चित्र रेखाटलं आणि मग त्या चित्राचा फोटो काढला.

याला लबाडी म्हणायला मी तयार नाही. त्या काळी काचेवर रसायन लावून ती ओली असतानाच फोटो घ्यावा लागे आणि प्रकाश पडायला काही सेकंद द्यावे लागत. तेवढा वेळ स्थिर राहील ते बाळ कसलं! म्हणून व्हिक्टोरियन काळातल्या कितीतरी फोटोंत आईला कापडाखाली झाकून खुर्चीसारखं बसवलेलं दिसतं. मूल मांडीवर, आई अदृश्य.

आज वेळेचा हा प्रश्न सुटला आहे. उजेड चांगला असेल तर साधा फोनही सेकंदाच्या अडीचशेव्या भागात चेहरा टिपतो. काही फोन बटण दाबण्याआधीचा दीड सेकंदही जपून ठेवतात. तरीही घरोघरच्या फोनमध्ये भांबावलेल्या, कंटाळलेल्या किंवा दात विचकून उगाच हसणाऱ्या मुलांचे फोटोच जास्त. दोष कॅमेऱ्याचा नाही, मुलाचा तर नाहीच. मुलाचा भाव बहुतेक वेळा समोरच्या चेहऱ्याला दिलेलं उत्तर असतो, आणि ऐन वेळी आपण तो चेहराच झाकून टाकतो.

नवजात बाळ झोपेत हसतं तेव्हा आजी म्हणते, सटवाई हसवतेय. ते हसू बहुधा डोळ्यांची हालचाल चालू असलेल्या झोपेतलं असतं, कुणासाठी नसतं. सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास मात्र बाळ चेहरा बघून हसायला लागतं. तिथून पुढे हसू ‘कुणाला तरी’ असतं, आणि त्यात फरकही असतो. ड्यूशेन या फ्रेंच डॉक्टरानं १८६२ मध्येच दाखवलं होतं की खऱ्या आनंदाच्या हसण्यात ओठांबरोबर डोळ्यांभोवतीचा स्नायूही आकसतो. नेथन फॉक्स आणि रिचर्ड डेव्हिडसन यांनी १९८८ साली दहा महिन्यांच्या बाळांचं निरीक्षण केलं. आई जवळ आली की बाळं अशी डोळ्यांसकट हसत. अनोळखी व्यक्तीकडे बघून हसली तरी ते हसू बऱ्याचदा ओठांपुरतंच राही. स्टुडिओतल्या काकांनी खुळखुळा वाजवून मिळवलेलं हसू आणि घरातलं हसू वेगळं का दिसतं, ते यावरून कळावं.

सुसान जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९१ चा प्रयोग तर फोटो काढणाऱ्या प्रत्येकानं लक्षात ठेवावा असा आहे. तीही दहाच महिन्यांची बाळं. खेळताना मध्येच ती वळून आईकडे बघत. आईचं लक्ष असलं तर तिच्याकडे बघून जास्त हसत, ती दुसरीकडे गुंतलेली असली तर कमी.

हे वळून बघणं फार कामाचं असतं. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वर्षाच्या बाळांना जाड काचेवर रांगत सोडलं. काचेखाली मध्येच पायरीसारखा खोलगट भाग दिसत होता. इतका बेताचा, की पुढे जावं की नाही ते बाळाला ठरवता येऊ नये. पलीकडे आई. तिच्या चेहऱ्यावर आनंद होता तेव्हा १९ पैकी १४ बाळं काच ओलांडून गेली. तिनं भीतीचा चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही गेलं नाही.

आता आपलं बोरन्हाण आठवा. काळे कपडे, हलव्याचे दागिने, आणि अचानक डोक्यावर बोरं-चुरमुऱ्यांचा पाऊस. बाळाला यातलं काहीच उमगत नाही. हसायचं की रडायचं हे ठरवायला ते आईकडे बघतं, आणि तिथे असतो फोन. मग खालचा ओठ बाहेर येतो. बाळानं ओठ काढला की पुढचं सांगायला नको.

निर्विकार चेहऱ्याचाही बाळाला त्रास होतो. एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात आयांना बाळाशी खेळता खेळता मध्येच काही मिनिटं चेहरा मख्ख ठेवायला सांगितलं. बाळं आधी हसून, हात हलवून आईला परत आणू पाहत. जमलं नाही की तोंड फिरवत, रडू लागत. स्क्रीनवरची चौकट नीट जुळवताना आपला चेहरा कसा होतो, ते कधीतरी आरशात बघा.

चारी बाजूंनी ‘इकडे बघ, इकडे बघ’ ओरडण्यानं तर मूल नेमकं कुणाकडे बघावं हेच विसरतं. तीन-चार वर्षांच्या मुलाला ‘हस’ म्हटलं तर ते आज्ञाधारकपणे दात दाखवतं. तो फोटो दातांचाच येतो.

तेव्हा फोन छातीशी धरा, चेहरा मोकळा ठेवा. मुलाच्या उंचीला खाली बसा. फार जवळ गेलात तर नाक मोठं दिसतं, म्हणून दोन पावलं मागे सरून थोडं झूम करा. खिडकीचा उजेड पुरत असेल तर फ्लॅश नकोच. मूल एखाद्या गोष्टीत रमलं असेल तर हाक मारू नका. ते आपण होऊन वळून बघेल, तेव्हा तयार असा. आणि येत्या संक्रांतीनंतर बोरन्हाण असेल तर फोटोचं काम मामाकडे किंवा आत्याकडे सोपवा. आईबाबांनी हात रिकामे ठेवून बाळाच्या अगदी समोर बसावं.