आधी चिपचा नंबर

घरी डेस्कटॉपवर रेकॉर्डिंग करणाऱ्यांना गेल्या वीस-पंचवीस वर्षांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा पडत आला आहे: ऑडिओ इंटरफेस मदरबोर्डच्या पोर्टला लावावा की वेगळं कार्ड घ्यावं? या काळात खोक्यावरचा वेगाचा आकडा वाढतच गेला, पण आपलं काम त्यावर क्वचितच अडलं. अडलं ते कार्डावरच्या काळ्या चिपपाशी.

याची पहिली ओळख फायरवायरने करून दिली. यूएसबी १.१चे १२ मेगाबिट दोन-चार चॅनलना जेमतेम पुरायचे, म्हणून २००० नंतर आठ माइकचं काम असेल तर फायरवायरच घेतलं जाई. विंडोजच्या मशीनसाठी त्याचं कार्ड आणावं लागे, आणि इंटरफेसवाले स्वतःच सांगत, की टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप बघून घ्या. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात खोक्यावर ब्रँड दिसे, चिप दिसत नसे. पिशवीतून कार्ड बाहेर काढून, उजेडात तिरपं धरून चिपवरची बारीक अक्षरं वाचायची, मगच पैसे द्यायचे. हे गरजेचंच होतं, कारण त्याच नावाच्या कार्डावर पुढच्या मालात दुसरी चिप असू शके.

यूएसबी २.० आलं २००० सालीच, ४८० मेगाबिटचं. १८ इन आणि २० आउट असलेला इंटरफेस २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर चालवला तर सगळे चॅनल मिळून सुमारे ४४ मेगाबिट होतात, म्हणजे दहा टक्केही नाहीत. मग आवाज का तुटतो? कारण ऑडिओचा डेटा ठरलेल्या वेळी निघतो आणि पॅकेट बिघडलं तर पुन्हा पाठवला जात नाही. फाइल कॉपी होताना असं झालं तर तोच तुकडा परत मागवतात, आपल्याला कळतही नाही. ऑडिओचं लोकलसारखं आहे: गाडी वेळेवर सुटते, राहिला तो राहिला. यूएसबी २.० मध्ये अशी फेरी दर १२५ मायक्रोसेकंदांनी होते. बफर ६४ सॅम्पलचा ठेवला तर हाताशी सव्वा मिलिसेकंदाहून थोडाच जास्त वेळ उरतो. कंट्रोलर चिप किंवा तिचा ड्रायव्हर तेवढ्यात चुकला की टक्क!

हा टक्क तबल्याच्या बोलात एखादे वेळी लपून जातो. तानपुऱ्यात नाही लपत. सलग चाललेल्या जोडाच्या तारांवर तो सुई टोचल्यासारखा ऐकू येतो, आणि गायकाचा आलाप कितीही सुंदर लागलेला असो, टेक जातो. तसा आलाप परत मागून मिळत नाही. मला या बारीकसारीक हार्डवेअरची एवढी आस्था आहे ती यासाठीच.

यूएसबी ३.० नोव्हेंबर २००८ मध्ये जाहीर झालं, पुढच्या वर्षी एनईसीची पहिली कंट्रोलर चिप आली. निळे पोर्ट, ५ गिगाबिट. पण बहुतेक इंटरफेस यूएसबी २.०चेच असल्याने निळ्या पोर्टातही ते ४८०नेच बोलत. नव्या कंट्रोलरचे ड्रायव्हर मात्र कच्चे होते. विंडोज ७ मध्ये ते चिप बनवणाऱ्याकडून घ्यावे लागत, विंडोज ८ पासून सिस्टिममध्येच आले. त्या काळात जुन्या काळ्या पोर्टला लावा, हा सल्ला अगदी योग्य होता. २०१५ मध्ये इंटेलच्या १०० मालिकेच्या चिपसेटमधून जुना यूएसबी २.० कंट्रोलरच गेला आणि तो सल्ला निरर्थक झाला. पोर्ट काळा असो वा निळा, मागे कंट्रोलर नवाच.

कार्डाचे दिवस संपले असं वाटत असतानाच एएमडीच्या ५०० मालिकेच्या बोर्डांवर यूएसबी मधूनच तुटू लागलं. कंपनीने २०२१ च्या फेब्रुवारीत ते मान्य केलं आणि पुढे बायोस अपडेटमधून दुरुस्ती आली. तोवर ज्यांच्यासमोर रेकॉर्डिंगच्या तारखा उभ्या होत्या, त्यांच्यासाठी वेगळा कंट्रोलर असलेलं कार्ड हाच हातातला उपाय होता.

आज कोणी विचारलं तर मी आधी बायोस अपडेट करायला, यूएसबीची वीजबचत बंद करायला आणि मागचे सगळे पोर्ट आजमावून बघायला सांगतो. त्यानेही भागलं नाही तर कार्ड. त्यात माझी पसंती एनईसीच्या वारसदार रेनेसासला: चार पोर्टांना डी७२०२०१, दोनाला डी७२०२०२. इंटरफेस यूएसबीच्याच विजेवर चालणारा असेल तर कार्डाला एसएमपीएसमधून वेगळी वीज देण्याची सोय बघावी. सात पोर्टांचं स्वस्त कार्ड दिसलं की थांबावं, कारण त्यात बहुधा एकाच कंट्रोलरवर हब बसवलेला असतो. आणि त्या कार्डावर इंटरफेस एकटाच ठेवावा. वेबकॅम, हार्ड डिस्क, की-बोर्ड मदरबोर्डवर.